स्थानमाहात्म्य, अक्षांश-रेखांशांसह

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या आग्नेयेला, एस्टाकाडा नावाच्या लहानशा गावाजवळ क्लॅकमस नदीच्या काठाने सुमारे साडेनऊशे एकरांचे रान सरकारने राखून ठेवले आहे. नाव मायलो मॅकआयव्हर स्टेट पार्क. डग्लस फर आणि सीडरची उंचच उंच झाडे, मेपलच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड थर, पायाशी नेच्यांची दाटी. लोक घोडे घेऊन येतात, रबरी तराफे पाण्यात ढकलतात, झाडांमधून चकत्या फेकत डिस्क गोल्फ खेळतात. उद्यानातच सामन माशांची पिल्ले वाढवण्याचे सरकारी केंद्र आहे. आकाश मोकळे असेल तर कड्यावरून हूड पर्वताचे हिमाच्छादित शिखर दिसते.

या उद्यानाची कीर्ती मात्र झाडांमुळे झाली नाही. ऑगस्ट १९७० मध्ये पोर्टलंडला अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन होते, अध्यक्ष निक्सन येणार असे बोलले जात होते आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे हजारो तरुण त्याच वेळी शहरात उतरणार होते. दंगल टाळण्यासाठी गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी नुकतेच तयार झालेले हे उद्यान तरुणांच्या हवाली केले. तिथे ‘व्होर्टेक्स १’ नावाचा रॉक संगीताचा महोत्सव भरला. राज्य सरकारच्या आशीर्वादाने झालेला तसा दुसरा महोत्सव अमेरिकेच्या इतिहासात नाही. पोलिसांनी गांजाकडे आणि नदीतल्या नागव्या आंघोळींकडे काणाडोळा केला. निक्सन आलेच नाहीत, शहर शांत राहिले आणि मॅकॉल नोव्हेंबरची निवडणूक जिंकले. एका आठवड्याने हे नाव राज्यभर झाले. जागा तीच, नदी तीच. पण तिथे काहीतरी घडल्याशिवाय तिचे नाव कोणी घेत नव्हते.

जागेचे मोठेपण जागेत असते, तिथल्या वस्तूत असते की आपण तिच्याकडे पाहतो त्या पाहण्यात असते? हा प्रश्न तीर्थयात्रांइतकाच जुना आहे. क्लॅकमस काउंटीत तो दोन वस्तूंच्या निमित्ताने फार ठसठशीत उभा राहतो. एक आहे प्लास्टिकची काळी बादली आणि दुसरी साडेपंधरा टनांची उल्का.

आधी बादली. १ मे २००० च्या रात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेला घोळ बंद झाला. तोवर सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. ती एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या संगणक क्षेत्रातल्या माणसाने क्लॅकमस काउंटीतल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक बादली अर्धवट पुरली. आत वही, पेन्सिल, पुस्तके, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा. मग त्याने जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. अट एकच: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. महिना उलटायच्या आत या उद्योगाला जिओकॅशिंग हे नाव मिळाले. सप्टेंबरात जेरेमी आयरिश याने त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात ७५ डबे होते. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे.

नदीकाठच्या अशा रानांत म्हणूनच आणखी एक जमात दिसते. ही माणसे फोनकडे पाहत पायवाटेवरून चालतात, एखाद्या पडलेल्या ओंडक्यापाशी घुटमळतात, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करतात आणि ओंडक्याखालच्या पोकळीत हात घालतात. तिथे एखादा लष्करी काडतुसांचा डबा किंवा घट्ट झाकणाची बरणी असते. वहीत टोपणनाव आणि तारीख लिहायची, आतली शोभेची गोळी किंवा खेळण्यातली गाडी घ्यायची आणि तितक्याच मोलाचे काही ठेवायचे. खेळाबाहेरच्या माणसांना ही मंडळी हॅरी पॉटरच्या भाषेत ‘मगल’ म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत असे डबे ठेवायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. राज्यांच्या उद्यानांत व्यवस्थापकाची परवानगी काढून ते ठेवता येतात. डबा जमिनीत पुरायचा नाही, त्यात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, असे नियम पुढे झाले. म्हणजे अल्मरची ती आदिम बादली आजच्या नियमांत दोन्ही बाजूंनी नापास झाली असती. पंथाचे नियम मूळपुरुषाला लागू पडत नाहीत, हे काही फक्त याच पंथाचे वैशिष्ट्य नाही.

पंथ हा शब्द थट्टेने आला असला तरी पुढे जे घडले ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. बीव्हरक्रीकच्या त्या जागी २००३ मध्ये स्मृतिफलक बसवला गेला. त्याच सुमारास घेवड्याचा मूळ डबा हाती लागला. आता तो गंजक्या अवस्थेत संमेलनांतून फिरतो, लोक त्याचे दर्शन घेतात आणि ‘आम्ही तो पाहिला’ अशी नोंद करतात. अवशेषपूजेचा इतका निर्भेळ नमुना एकविसाव्या शतकात दुसरा सापडणे कठीण. बीव्हरक्रीकचा फलक, सिअ‍ॅटलमधले मुख्यालय आणि वॉशिंग्टन राज्यातल्या एका जुन्या रेल्वे बोगद्याजवळचा एक विशेष डबा, या तिन्ही ठिकाणी जाऊन येणे ही या मंडळींची मोठी कमाई समजली जाते. काशी, प्रयाग आणि गया यांची त्रिस्थळी यात्रा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या तीनच्या आकड्याचे नवल वाटू नये.

धर्माच्या अभ्यासकांत जागेचे मोठेपण कुठून येते या प्रश्नावर एक गाजलेला वाद आहे आणि त्याचे दोन्ही पक्ष शिकागो विद्यापीठातलेच. तरुणपणी कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान शिकलेले मिर्चा एलियाद यांनी १९५७ च्या ‘द सेक्रेड अँड द प्रोफेन’ या पुस्तकात असे मांडले की पवित्र जागा माणूस ठरवत नाही. पावित्र्य स्वतःहून तिथे प्रकट होते, सपाट आणि एकसारख्या अवकाशाला भेग पाडते आणि माणूस त्या भेगेभोवती आपले जग रचतो. तीस वर्षांनी जोनाथन झेड. स्मिथ यांनी ‘टू टेक प्लेस’मध्ये ही मांडणी उलटी केली. जागा आपणहून पवित्र नसते. माणसे तिथे विधी करतात, लक्ष एकवटतात आणि त्या लक्षामुळे साधी गोष्ट वेगळी होते. देवळाच्या आत आलेली घागर देवाची होते ती घागरीमुळे नव्हे, आत आल्यामुळे.

जिओकॅशिंग हा स्मिथ यांच्या बाजूचा बिनतोड पुरावा वाटावा. ओंडका ओंडकाच आहे. कोणी तरी त्याला अक्षांश-रेखांश दिले आणि शंभर माणसे त्याच्यापुढे गुडघे टेकून वाकली. बीव्हरक्रीकच्या रस्त्याकडेच्या त्या झुडपात एलियाद यांना अपेक्षित असलेले काहीही प्रकटलेले नव्हते. तिथे एक बादली होती.

पण आपल्याकडचा एक जुना पंडित या सरळ हिशेबात खोडा घालतो. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक अडचणीचा प्रश्न टाळला नाही: काशीतले विश्वेश्वराचे लिंगच कोणी काढून टाकले तर? त्यांचे उत्तर असे की काळाच्या ओघात एक लिंग जाऊन दुसरे आले असेल तर जे असेल त्याची पूजा करावी. परक्या सत्तेमुळे तिथे कोणतेच लिंग उरले नसेल, तर त्या जागेलाच प्रदक्षिणा घालावी, नमस्कार करावा. वस्तू गेली तरी स्थान उरते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या भागाची आवर्जून दखल घेतली आहे. हे लिहिणारा माणूस भाबडा नव्हता. देऊळ पाडले जाते, मूर्ती हलवली जाते हे त्याच्या काळातले वर्तमान होते.

महानुभावांनी तर त्याच्याही दोनशे वर्षे आधी हे काम पत्त्यांसह करून ठेवले होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदावरीच्या आणि वऱ्हाडाच्या मुलखात गावोगाव फिरले. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी त्या जागा धुंडाळून ‘स्थानपोथी’ रचली. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे तोंड कुठे, त्यापासून कोणत्या बाजूला वळायचे, स्वामी तिथे बसले, जेवले की निजले, असे सगळे त्यात कोरड्या, नेमक्या वाक्यांत आहे. तिथे भक्तांनी ओटे बांधले. अनेक ओटे इतर देवतांच्या देवळांच्या आवारात आहेत. नेमके ठाऊक असल्याखेरीज बाजूने जाणाऱ्याला तो साधा चौथरा वाटेल. महाराष्ट्रातल्या तीर्थांवर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकन अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी महानुभावांच्या या स्थान-स्मरणाबद्दल विस्ताराने लिहिले आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात दगडाला देव मानत नाहीत. त्या जागेला नमस्कार करायचा तो तिचा स्वामींशी संबंध आला म्हणून.

संबंध. एलियाद यांचे प्रकटीकरण आणि स्मिथ यांचे लक्ष या दोन्हींपेक्षा हा विचार पुढचा आहे, असे मानायला जागा आहे. त्याची कसोटी पाहायची तर पुन्हा क्लॅकमस काउंटीत जावे लागते, कारण दुसरी वस्तू, ती उल्का, तिथेच आहे. निदान होती.

आजच्या वेस्ट लिन गावाजवळ विलॅमेट नदीच्या खोऱ्यात लोखंड आणि निकेलचा एक प्रचंड गोळा पडलेला होता. अमेरिकेत सापडलेली ही सर्वांत मोठी उल्का. आसपास आघाताचे विवर नाही. त्यामुळे हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या महापुरांनी हिमखंडासकट ती इथे आणून टाकली असे भूशास्त्रज्ञ मानतात. इथल्या मूळनिवासी क्लॅकमस लोकांना विवराची गरज नव्हती. त्यांच्यासाठी ती तोमानोवोस होती, आकाश, पृथ्वी आणि पाणी यांना जोडणारी, आकाशातून आलेली. तिच्या पृष्ठभागावर मोठमोठे खळगे आहेत. त्यांत साठलेले पावसाचे पाणी औषधी मानले जाई आणि शिकारीला निघण्यापूर्वी बाणांची टोके त्यात बुडवली जात. १८५५ च्या करारानंतर क्लॅकमस लोकांना ग्रँड रोंड राखीव क्षेत्रात हलवण्यात आले. दगड मागे राहिला.

१९०२ मध्ये एलिस ह्यूज नावाच्या वेल्श स्थलांतरिताच्या लक्षात आले की हा साधा खडक नाही. जमीन एका लोखंड कंपनीची होती, ह्यूजची शेजारी. मग त्याने जे केले त्याला दाद द्यावी की कपाळावर हात मारावा हे कळत नाही. ओंडक्यांचा गाडा, एक रहाट, एक घोडा आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांच्या जोरावर त्याने साडेपंधरा टनांचा गोळा चिखलातून, झाडांतून, सुमारे सव्वा किलोमीटर अंतर आपल्या जमिनीत ओढत नेला. काम तीन महिने चालले. मग वर छप्पर घालून त्याने माणशी २५ सेंट तिकीट लावले.

कंपनीने दावा ठोकला. दगड मूळनिवासींचा पूज्य वारसा आहे आणि त्यांनी तो टाकून दिला, म्हणून सापडेल त्याचा, असा ह्यूजच्या बाजूचा युक्तिवाद होता. त्यासाठी दोन मूळनिवासी साक्षीदार उभे केले गेले. त्यांनी तोमानोवोसच्या विधींबद्दल शपथेवर सांगितले. ज्यांचा देव त्यांचे नाव खटल्यात आले ते असे, चोराच्या वकिलाच्या सोयीसाठी. १९०५ मध्ये ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: उल्का ज्या जमिनीवर पडली त्या जमिनीच्या मालकाची. कायद्याने स्थान आणि वस्तू एकच ठरवली खरी, पण दोन्ही लोखंड कंपनीच्या खात्यात टाकून. मग उल्का विकली गेली आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पोचली. आजही ती तिथेच आहे.

इथे स्मिथ यांची मांडणी अपुरी पडते. लक्ष हीच कसोटी असेल तर ह्यूजइतके लक्ष त्या दगडाला कोणी दिले? तीन महिने त्याच्या डोळ्यांपुढे दुसरे काही नव्हते. संग्रहालयात लाखो लोक उल्केकडे पाहतात, एकेकाळी मुले खळग्यांत शिरून फोटो काढून घेत. लक्षाची कमतरता तोमानोवोसला कधीच नव्हती. कमतरता होती ती बंधनाची. क्लॅकमस माणूस त्या पाण्याने बाण भिजवायचा आणि दगड होता तिथेच सोडून जायचा. ह्यूजला तो तिथे सोडवला नाही. संबंध याचा अर्थ नुसती ओढ नव्हे; तिच्याबरोबर काय करायचे नाही हे ठरलेले असते. आपल्या देवरायांचे तसेच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक त्यांना आढळला. देव कोणता, याहून त्या काटकीने राई अधिक टिकवली.

या कसोटीवर जिओकॅशिंगला गुण द्यायचे तर दोन वेगळ्या रकान्यांत द्यावे लागतील. नेवाडातल्या परग्रहवासीयांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महामार्गावर या खेळातले हजाराहून अधिक डबे एका रांगेत ठेवले गेले. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, एवढाच तिथे विचार. लोक गाडीतून उतरतात, सही करतात, पुढच्या डब्याकडे निघतात, दिवसाला शेकडो. वाळवंट दोन्ही बाजूंना असते, कोणी पाहत नाही. अक्षांश-रेखांशांनी तिथे जागा दाखवली नाही, पुसून टाकली. नदीकाठच्या रानांतही कमी-अधिक हेच होते. डबा शोधणारे वाट सोडून चारी बाजूंनी शिरतात, नेचे तुडवले जातात आणि काही महिन्यांत झाडाभोवती उघड्या मातीची गोल पायवाट तयार होते. ती पाहून पुढचा खेळाडू ओळखतो की डबा इथेच आहे. प्रदक्षिणा घडते, पण कशाची?

दुसऱ्या रकान्यात मात्र या खेळाने स्वतःहून लावून घेतलेली काही बंधने आहेत आणि ती कोणत्याही सरकारने लादलेली नाहीत. २००२ पासून खेळाडू रानात जाऊन इतरांचा कचरा गोळा करण्याचे दिवस पाळतात. २००४ पासून अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या सहकार्याने ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला, ज्यात डबाच नसतो. दिलेल्या जागी जायचे, समोरचा खडक किंवा नदीचा थर नीट पाहायचा, त्याच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवायची आणि काहीही न उचलता परत यायचे. लिंग नसेल तर जागेलाच प्रदक्षिणा घाला, असे सांगणाऱ्या नारायणभट्टांना हा प्रकार समजावून सांगायला फार वेळ लागला नसता. आणि डब्यांच्या मूळ खेळातला सर्वांत साधा नियम, जो शाळकरी पोरालाही पहिल्या दिवशी सांगितला जातो, तो असा: सही झाली की डबा होता तसा, होता तिथेच परत ठेवायचा. ह्यूजला नेमका हाच नियम ठाऊक नव्हता.

म्हणून मॅकआयव्हरसारख्या उद्यानात फोन घेऊन शिरणाऱ्या माणसाकडे निसर्गप्रेमींनी नाक मुरडू नये. चिन्ह लागल्याशिवाय जागा पाहायची नाही ही माणसाची खोड फार जुनी आहे. ओटे बांधणाऱ्यांची तीच होती. तक्रार करायचीच असेल तर ती चिन्हाबद्दल नको, बंधनाबद्दल असावी. पोर्टलंड परिसरातल्या संगणक कंपन्यांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबे शनिवार-रविवारी मुलांना घेऊन या नदीकाठांवर जातात. त्यांनी डबे जरूर शोधावेत. वेस्ट लिनच्या फील्ड्स ब्रिज पार्कमध्ये टुआलाटिन नदीच्या काठी महापुरांची आणि त्या उल्केची हकिगत सांगणारे फलक आहेत, तेही मुलांना वाचून दाखवावेत.

उल्केची कथा तिथे संपत नाही. मूळनिवासींच्या पूज्य वस्तू परत करण्याविषयीच्या १९९० च्या कायद्याचा आधार घेऊन ग्रँड रोंडच्या संयुक्त जमातींनी तोमानोवोसवर हक्क सांगितला. संग्रहालय आणि जमात यांच्यात जून २००० मध्ये समझोता झाला, अल्मरच्या बादलीनंतर जेमतेम दीड महिन्याने. समझोत्याप्रमाणे उल्का न्यूयॉर्कमध्येच राहिली, पण जमातीचे लोक दरवर्षी तिथे जाऊन खासगीत आपला विधी करू शकतात. २००७ मध्ये उल्केचा पूर्वी कापलेला एक तुकडा न्यूयॉर्कमध्ये लिलावाला आला. जमातीने निषेध केला आणि तो विकला गेला नाही. ऑरेगनमधल्याच एका संग्रहालयातला दुसरा छोटा तुकडा २०१९ मध्ये ग्रँड रोंडला परत मिळाला. समझोत्यात आणखी एक कलम आहे: संग्रहालयाने ही उल्का लोकांना पाहण्यासाठी ठेवणे कायमचे बंद केले, तर तिची मालकी जमातीकडे जाईल.